सापांची ओळख करून देणारा वैद्य : पॅट्रिक रसेल

मृगाच्या पहिल्या सरी कोसळतात, जमिनीतील बिळे पाण्याने भरतात आणि साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. शेतकऱ्यांची शेतातील वर्दळही याच दिवसांत वाढते. विदर्भातील भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या असोत, छत्तीसगडमधील दुर्गचे धानशेत असो किंवा कोकणातील भातखाचरे असोत, माणूस आणि साप यांची गाठ पडण्याचा हाच हंगाम. अशा वेळी पहिली हाक काठीसाठी दिली जाते. समोरचा साप कोणता, तो विषारी आहे की बिनविषारी, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनात येत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याची आपली सवय जुनीच आहे.

हाच प्रश्न सुमारे दोनशे चाळीस वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याच्या मनात आला. सामान्य माणसाला विषारी साप ओळखता यावा, यासाठी त्याने वृद्धत्वाकडे झुकलेल्या वयात अनेक वर्षे परिश्रम केले. भारतीय सापांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्या या वैद्याचे नाव पॅट्रिक रसेल. महाराष्ट्राच्या शेताशेतांत आढळणाऱ्या घोणस या सापाला जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पॅट्रिक रसेल यांचा जन्म १७२७ च्या सुमारास स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरात झाला. त्यांचे वडील वकील होते. घरात भावंडे पुष्कळ होती आणि विद्येची आवड सर्वांनाच होती. पॅट्रिक यांचे सावत्र बंधू अलेक्झांडर हे वैद्य होते. त्या काळी तुर्की साम्राज्यात असलेल्या आणि आज सीरिया देशात मोडणाऱ्या अलेप्पो नगरात इंग्रज व्यापाऱ्यांची वखार होती. त्या वखारीचे वैद्य म्हणून अलेक्झांडर काम करीत. एडिंबरोच्या विद्यापीठातून १७५० मध्ये वैद्यकाची पदवी मिळताच पॅट्रिक भावाकडे अलेप्पोला गेले. १७५३ मध्ये अलेक्झांडर मायदेशी परतले आणि वखारीच्या वैद्याची जबाबदारी पॅट्रिक यांच्यावर आली.

अलेप्पोमध्ये रसेल यांनी सुमारे वीस वर्षे काढली. तेथील लोकांशी त्यांचा निकटचा संबंध आला. नगराच्या पाशालाही त्यांच्याविषयी आदर होता. पाशाने त्यांना पगडी धारण करण्याचा मान दिला होता, आणि परक्या देशातून आलेल्या माणसाला असा मान क्वचितच मिळे. १७६० ते १७६२ या काळात अलेप्पोवर प्लेगचे संकट कोसळले. त्या काळी प्लेगचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्यावर औषधही नव्हते. रसेल यांनी नगर सोडले नाही. रोग्यांची लक्षणे, रोगाचा प्रसार आणि त्याचा उतार यांची ते बारकाईने नोंद ठेवत राहिले. या नोंदींच्या आधारे त्यांनी पुढे १७९१ मध्ये प्लेगविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भीतीच्या वातावरणातही डोळे उघडे ठेवून पाहावे आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहावे, हा त्यांचा स्वभाव या काळात पक्का झाला. पुढे सापांचा अभ्यास करताना हाच स्वभाव त्यांच्या उपयोगी पडला.

१७७१ मध्ये रसेल यांनी अलेप्पो सोडले. नंतर ते लंडनमध्ये वैद्यकी करू लागले. १७७७ मध्ये त्यांना रॉयल सोसायटी या नामवंत विज्ञानसंस्थेचे सदस्यत्व मिळाले. नाव झाले होते, मित्रपरिवार विद्वानांचा होता आणि वयाची पन्नाशी उलटली होती. अशा वेळी बहुतेकांना स्थिर जीवन हवेसे वाटते. रसेल यांच्या आयुष्याला मात्र याच टप्प्यावर वेगळे वळण लागले. त्यांचे बंधू क्लॉड हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. १७८१ मध्ये क्लॉड यांची विशाखापट्टणम येथे नेमणूक झाली, तेव्हा पॅट्रिक त्यांच्यासोबत भारतात आले.

विशाखापट्टणमच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पूर्व घाटाच्या टेकड्या आणि मध्ये भातशेतीचा सुपीक प्रदेश आहे. रसेल यांना येथील वनस्पती, मासे आणि साप यांनी मोहून टाकले. कंपनीच्या सेवेत असलेले निसर्गशास्त्रज्ञ योहान कोनिग यांचे १७८५ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या जागी रसेल यांची नेमणूक झाली. कंपनीला मुख्यतः व्यापाराला उपयोगी पडणाऱ्या वनस्पतींची माहिती हवी होती. रसेल यांनी ते काम केलेच, परंतु वैद्य या नात्याने त्यांचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे वेधले गेले. ती गोष्ट म्हणजे सर्पदंश.

गावोगावी माणसे सापाच्या दंशाने मरत होती. त्यावर मंत्र, मुळ्या, लेप आणि गोळ्या असे नाना उपाय केले जात. काही माणसे या उपायांनंतर बरी होत, म्हणून उपायांवरील श्रद्धा वाढे. दंश बिनविषारी सापाचा असेल, तर माणूस कोणत्याही उपायाविना बरा होणारच होता, हे कोणी लक्षात घेत नसे. विषारी सापाचा दंश झालेला माणूस मात्र उपाय करूनही दगावे. रसेल यांना यातील गोम कळली. कोणता साप चावला हेच ठाऊक नसेल, तर औषधाचा गुण कसा ठरवणार? म्हणून औषधाआधी सापाची ओळख पटली पाहिजे, या निष्कर्षाला ते आले.

त्यांनी कामाला शिस्तीने सुरुवात केली. १७८७ मध्ये त्यांनी एक निवेदन तयार करून मद्रास इलाख्यातील कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे पाठवले. आपापल्या भागातील साप आणि त्यांविषयीची माहिती गोळा करावी, अशी विनंती त्यात होती. हाती आलेल्या प्रत्येक सापाची लांबी ते मोजत, रंग आणि ठिपके टिपून ठेवत, पोटाखालचे व शेपटीखालचे खवले मोजत आणि जबडा उघडून दात तपासत. सापाचे स्थानिक नावही ते आवर्जून लिहून घेत. शास्त्रीय नावे अजून ठरली नव्हती. म्हणून तेलुगू बोलणारे लोक ज्या नावाने साप ओळखत, तेच नाव त्यांनी आपल्या ग्रंथात दिले. घोणशीची नोंद त्यांनी कटुक रेकुल पोड या नावाने केली आहे. या भूमीवरचे लोक आपले साप पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले आहेत आणि त्यांच्या ज्ञानाची दखल घेतली पाहिजे, याची जाणीव त्यांच्या नोंदींत दिसते.

विषाची तीव्रता जाणून घेण्यासाठी रसेल यांनी कोंबड्या आणि कुत्री यांच्यावर प्रयोग केले. दंशानंतर किती वेळाने कोणती लक्षणे दिसतात, याची त्यांनी तपशीलवार नोंद केली. आजच्या संवेदनशील मनाला हे प्रयोग क्रूर वाटतील. त्या काळी विषाचा अभ्यास करण्याचे दुसरे साधन त्यांच्याजवळ नव्हते. या प्रयोगांतून त्यांना कळले, की कटुक रेकुल पोड हा साप घातकपणात नागाच्या जवळपास जातो. घोणशीच्या विषाची भयंकर शक्ती अशा रीतीने प्रथमच शास्त्राच्या पानावर आली. तंजावरच्या एका गोळीची त्या काळी सर्पदंशावरील रामबाण उपाय म्हणून मोठी ख्याती होती. रसेल यांनी तिचीही परीक्षा केली. त्या गोळीत मुख्य घटक सोमल हे जहाल विष असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ख्याती हा पुरावा नव्हे, हा धडा त्यांनी त्यातून घालून दिला.

सर्वांना वापरता येईल अशी विषारी सापाची एखादी सोपी बाह्य खूण सापडावी, ही रसेल यांची मोठी आकांक्षा होती. कार्ल लिनियस या थोर शास्त्रज्ञाने सापांच्या वर्गीकरणासाठी पोटाखालच्या व शेपटीखालच्या खवल्यांच्या मोजणीवर भर दिला होता. रसेल यांनीही असंख्य मोजण्या केल्या. परंतु केवळ या संख्येवरून विषारी व बिनविषारी साप वेगळे करता येत नाहीत, असे त्यांना आढळले. वरच्या जबड्यातील विषदंत हीच त्यांना सापडलेली एकमेव खात्रीची खूण होती. शेतात काम करणाऱ्या माणसाला तिचा उपयोग थोडाच. ज्या प्रश्नासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला, त्याचे सोपे उत्तर त्यांच्या हाती आले नाही. हे त्यांनी लपवले नाही. हवे ते उत्तर मिळाले नाही म्हणून खोटे उत्तर रचण्याचा मोह त्यांनी टाळला, यातच त्यांचे मोठेपण आहे.

जानेवारी १७८९ मध्ये रसेल यांनी भारताचा निरोप घेतला. त्यांच्या जागी विल्यम रॉक्सबर्ग हे वनस्पतिशास्त्रज्ञ आले. इंग्लंडमध्ये परतल्यावर, वयाच्या साठीनंतर, रसेल यांनी आपल्या नोंदी ग्रंथरूपात आणण्याचे काम हाती घेतले. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा त्यांचा ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आकाराच्या या ग्रंथात चाळीसहून अधिक रंगीत चित्रे होती. सापाचे चित्र, त्याचे वर्णन, त्याचे स्थानिक नाव आणि त्याच्या विषाविषयीची माहिती हे सर्व एकत्र देणारा भारतीय सापांवरील हा पहिलाच मोठा ग्रंथ होता. १८०१ पासून त्याचा दुसरा खंड भागाभागाने निघू लागला. विशाखापट्टणमच्या समुद्रातील दोनशे माशांचे सचित्र वर्णन करणारा त्यांचा ग्रंथही १८०३ मध्ये निघाला.

ग्रंथ निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे १७९७ मध्ये, इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी घोणशीला शास्त्रीय नाव देताना त्यात रसेल यांचे नाव गुंफले. आज दबोइया रसेली या नावाने तो साप जगाला परिचित आहे.

रसेल यांची जिज्ञासा अखेरपर्यंत टवटवीत राहिली. काही विषारी सापांच्या नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये एक लहानसा खळगा असतो. आपल्याकडील चापडा या सापालाही तो असतो. या खळग्यांविषयीचा निबंध त्यांनी १८०४ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यानंतर, रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्यांचे कार्य काय, हे मात्र त्या वेळी उलगडले नाही. उंदरासारख्या प्राण्याच्या शरीराची उष्णता या खळग्यांमुळे सापाला अंधारातही जाणवते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. २ जुलै १८०५ रोजी अल्पशा आजारानंतर रसेल यांचे लंडनमध्ये निधन झाले. ते आजन्म अविवाहित होते. त्यांच्या ग्रंथाचा अखेरचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर १८०९ मध्ये प्रकाशित झाला.

रसेल यांनी दाखवलेली वाट सर्वांनीच धरली असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने सर्पदंशावर सोपा वाटणारा उपाय योजला. साप मारून आणणाऱ्याला रोख बक्षीस मिळू लागले. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट फार. तेथे डिसेंबर १८६२ मध्ये साधारण आठवडाभराच्या अवधीत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. एवढा संहार होऊनही कोकणातून फुरसे नाहीसे झाले नाही आणि त्याचे दंशही थांबले नाहीत. काठीने सापांची संख्या काही काळ घटते, परंतु माणसाचे अज्ञान घटत नाही, हेच या मोहिमेने दाखवून दिले.

रसेल यांचे अपुरे राहिलेले काम पुढे मुंबईतून पूर्णत्वाला गेले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी वैद्याने १९०५ पासून भारतातील सामान्य सापांवर सुबोध सचित्र लेखमाला लिहिली. विषारी साप ओळखण्याची पद्धतही त्यांनी तयार केली. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल, तर तो समुद्रसाप. डोक्यावर बारीक खवले आणि पोटावर रुंद पट्ट्या असतील, तर तो घोणस किंवा फुरसे यांच्या कुळातील. वरच्या ओठावरील तिसरा खवला डोळ्याला आणि नाकपुडीच्या खवल्याला भिडलेला असेल, तर तो नागाच्या कुळातील. पाठीच्या कण्यावरील खवले इतरांपेक्षा मोठे व षट्कोनी असतील, तर ती मण्यार असण्याची शक्यता असते. ज्या खवल्यांत रसेल यांनी उत्तर शोधले होते, त्याच खवल्यांत ते अखेर सापडले. फक्त मोजण्याऐवजी त्यांची जागा आणि रचना पाहायची होती. अर्थात ही परीक्षा जाणकारांनी करावयाची आहे. जिवंत सापाजवळ जाऊन तिचा प्रयोग कोणी करू नये.

औषधाचा शोधही याच काळात लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावरील लस शोधली. अल्प प्रमाणात विष टोचलेल्या घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे घटक तयार होतात आणि त्यांपासून ही लस बनते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेने या कामी मोठा वाटा उचलला. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. ती बनवण्यासाठी मात्र सापाचेच विष लागते. सापाच्या दंशापासून माणसाला वाचवणारे औषध सापाशिवाय तयार होऊ शकत नाही. रसेल यांनी ज्या घोणशीच्या विषाची प्रथम परीक्षा केली, तिचे विष आज रक्त गोठण्याच्या तपासण्यांतही वापरले जाते.

सापाचा दुसरा उपकार शेतकऱ्याच्या अधिक परिचयाचा आहे. उंदीर शेतातील पीक खातात आणि कणगीतील धान्य फस्त करतात. साप बिळात शिरून त्यांचा फडशा पाडतो. धामण तर पूर्णपणे बिनविषारी असून उंदरांची कर्दनकाळ आहे. तरीही नाग समजून तिला मारले जाते. डुरक्या सापाचा बळी तो घोणशीसारखा दिसतो म्हणून जातो, तर कवड्याचा बळी तो मण्यारीसारखा दिसतो म्हणून. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे फिकट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिकट होत जातात. एवढ्या लहानशा ज्ञानाने एका निरुपद्रवी जीवाचे प्राण वाचू शकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सापांना संरक्षण दिले आहे. साप मारणे, पकडून ठेवणे किंवा त्यांचा खेळ करणे हा गुन्हा आहे.

तथापि, सापाविषयी दया बाळगताना माणसाच्या वेदनेचा विसर पडता कामा नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली. त्यांत खेड्यांत राहणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या माणसांची संख्या फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून भारत सरकारनेही २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

हे उद्दिष्ट गाठण्यासाठी लागणारी सावधगिरी अवघड नाही. रात्री बाहेर पडताना हाती विजेरी असावी. शेतात काम करताना पायांत बूट असावेत. गवताच्या गंजीत किंवा सरपणाच्या ढिगात एकदम हात घालू नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा त्याची वेदनाही होत नाही. म्हणून पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये आणि आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव शक्यतो हलू न देता, रोग्याला धीर देत, वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला एकेक तास जिवावर बेतू शकतो. घरात साप आला, तर त्याच्यापासून दूर राहून वनखात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला कळवावे.

पॅट्रिक रसेल यांना सापांचे रक्षण करावयाचे होते, असे म्हणता येणार नाही. त्यांना माणसे वाचवायची होती. परंतु माणसे वाचवण्यासाठी त्यांनी साप समजून घेण्याचा मार्ग धरला आणि त्याच मार्गाने पुढे सापांच्या रक्षणाचाही विचार आला. नागपंचमीला आपण नागाची पूजा करतो आणि दुसऱ्याच दिवशी शेतात दिसलेल्या सापावर काठी उगारतो. या दोहोंच्या मधली, शांतपणे पाहून ओळखण्याची वाट रसेल यांनी दोन शतकांपूर्वी दाखवली. पुढच्या पावसाळ्यात बांधावर साप दिसेल, तेव्हा चार पावले मागे सरून त्याच्याकडे पाहिले आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले, तर या वैद्याचे परिश्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.